पत्रकातून वगळलेला धनेश

लिंब फुलला की लोकांना प्रसन्न वाटतं म्हणे. मला नाही वाटत. आमच्या पारनेरच्या माळावर चैत्रात दुसरं काही फुलत नाही. जमीन भाजून निघालेली, विहिरीच्या तळाशी हिरवट डबकं, बांधावरचं गवत पायाखाली पापडासारखं मोडणारं. अशात घरामागचा जुना कडुलिंब बारीक पांढऱ्या फुलांनी भरतो आणि त्याचा कडसर गोड वास वाळत घातलेल्या धुण्यातून घरभर हिंडतो. त्याच दिवसांत धनेशाची जोडी येते. घारीएवढा राखाडी पक्षी, लांब शेपूट, वाकडी जाड चोच आणि चोचीवर शिंगाचा उंचवटा. उडतो तेव्हा पंख मारायचे, मग तरंगायचं, पुन्हा पंख मारायचे, असं चाललेलं. दिसायला चांगला म्हणवत नाही. आवाज तर कुणी चिमटा काढल्यासारखा.

लिंबाच्या खोडाला दोन पुरुष उंचीवर एक ढोली आहे. मादी तिच्यात शिरते. नर मातीचे गोळे आणून देतो आणि मादी आतून ती माती आणि स्वतःची विष्ठा कालवून ढोलीचं तोंड लिंपत बसते. चोच बाहेर निघेल एवढी उभी फट ठेवते. बाकी सगळं बंद. मग आतच अंडी, आतच पिलं. आत असतानाच तिच्या पंखांची मोठी पिसं झडतात. म्हणजे भिंत फोडली तरी तिला उडता येणार नाही. बाहेर नर. दिवसभर ओढ्याच्या उंबरावरून फळं गिळून आणायची आणि फटीपाशी खोडाला लटकून एकेक करून घशातून वर काढून द्यायची. उंबर, उंबर, उंबर, मध्येच सरड्याचं पिलू. तो मेला तर आतली कुटुंबासकट उपाशी.

यंदा मादी ढोलीत जाऊन महिना होत आला. मी रोज बघते. बघितल्याशिवाय राहवत नाही, आणि बघताना मला पाच वर्षांपूर्वीचा तोच महिना आठवतो, ज्यात मी सगळं खरं लिहिलं आणि माझ्या बहिणीचा घात केला.

आमचे आप्पा पारनेरच्या एका छापखान्यात जुळारी होते. दिवसा लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं जुळवायची, आणि मालकाच्या मेहेरबानीने उरल्या वेळात पत्रकं. दारूबंदीचं पत्रक, पाण्याच्या वाटपाचं पत्रक, अंगात येणाऱ्या बाबाचा भांडाफोड करणारं पत्रक. उरलेले गठ्ठे घरी यायचे. माझ्या वह्यांना त्यांची कव्हरं, फडताळात त्यांचे कागद, डब्यातल्या भाकरीखाली तेच. माझ्या भाकरीला शाईचा वास यायचा आणि मला तो आवडायचा. छपाईच्या शिशाच्या खिळ्यांवर अक्षर उलटं असतं, म्हणून मी अक्षरंही आधी उलटी ओळखायला शिकले. शाळेतल्या मुली कविता पाठ करायच्या, मला ‘बंधू-भगिनींनो, विचार करा!’ पाठ होतं. जे खरं आहे ते छापलं की माणसं सुधारतात, अशी माझी पक्की समजूत होती. घरात तीच हवा होती.

ताई पहिल्या बाळंतपणाला वैशाखात आली. तिला जामखेडकडे दिलेली. घरी चौदा जर्सी गाई, दुधाचा धंदा. पारनेरच्या सरकारी दवाखान्यात तिला मुलगा झाला, टाके पडले, तिसऱ्या दिवशी घरी आणली आणि आईने तिला मागच्या खोलीत ठेवली. खोलीला एकच खिडकी, लिंबाकडे उघडणारी. वारं लागू नये म्हणून आईने त्या खिडकीवर गोणपाट ठोकलं. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओव्याची धुरी, ताईच्या कानांना फडकं, पोटाला पट्टा. बाहेर ऊन असं की पत्रा तडतडायचा, आणि आत ही शेकत पडलेली. सव्वा महिना तिने चुलीपाशी यायचं नाही, पाण्याच्या हंड्याला शिवायचं नाही, देवघराच्या दारातून जायचं नाही. विटाळ. आप्पांच्या घरात, जिथे विटाळावर तीन वेगवेगळी पत्रकं फडताळात होती, तिथे आईने दाराला बाहेरून कडी घातली.

“तुमचं छापलेलं तुमच्यापाशी ठेवा,” आई आप्पांना म्हणाली. “बाळंतपन मी करनार हाय का मशीन?”

आप्पा पेपर घेऊन ओसरीवर गेले. बायकांच्या कामात ते बोलत नसत. हेही त्यांच्या पत्रकांत कुठे लिहिलेलं नव्हतं.

ताईने गोणपाटाला चाफ्याच्या काडीने भोक पाडलं. त्यातून तिला ढोली दिसायची. मी एकोणीस वर्षांची, दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन रिकामी झालेली, तिच्या खाटेशी तासन्‌तास बसायचे. विटाळ मी मानत नव्हते, त्यामुळे आईने मला ‘बाटलेली’ म्हणून पाण्यापासून दूर ठेवलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. बाळ चेपलेल्या फळासारखं झोपलेलं असायचं. ताई एक डोळा भोकाला लावून धनेशाच्या खेपा मोजायची.

“एकोनीस,” ती म्हणायची. “सकाळपास्नं एकोनीस खेपा. नवरा म्हनावं तर असा.”

“आणि दाजींच्या किती?”

“दोन. त्यातली एक पेट्रोल भराया गेल्ती, जाता जाता हिकडं आला.”

आम्ही दोघी हसायचो. टाके दुखतात म्हणून ती पोट धरून हसायची.

दाजी बाराव्या दिवशी बारशाला आले. आईने त्यांना दारातच थांबवलं. बाळ बाहेर आणून त्यांच्या हातात दिलं, तेव्हा त्यांनी ते दुधाचं कॅन धरतात तसं धरलं, दोन्ही हात खालून, अंगापासून लांब. त्यांचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला आणि लगेच बायका ओरडल्या, “बास, बास, द्या हिकडं, बाप्याचं काय काम!” बाळ आत गेलं. दाजी खिडकीपाशी जाऊन गोणपाटाशी तोंड नेऊन काहीतरी बोलले. आतून ताईचं हसू ऐकू आलं. मग ते मोटारसायकलवर बसून गेले.

मी ते दृश्य बघून पेटले. पेटले हाच शब्द आहे. त्या रात्रीपासून मी लिहू लागले.

कारण पक्षी माझ्या डोळ्यांसमोर होते. आमच्या ट्यूबलाइटच्या पट्टीमागे चिमण्यांचं घरटं होतं. काळ्या गळ्याचा चिमणा आणि मळक्या रंगाची चिमणी, दोघं आळीपाळीने अळ्या आणायची, कोण जास्त आणतं सांगता येऊ नये इतकी. ओसरीच्या पन्हाळीखाली होल्याची जोडी अंडी उबवत होती. सकाळचं ऊन चढलं की मादी उठायची आणि नर बसायचा, दिवस कलला की पुन्हा तिची पाळी. कुणी सांगायचं नाही, कुणी थकलो म्हणायचं नाही. माळावर टिटवीची अंडी उघड्या खड्यांत पडलेली. भर दुपारी ती दोघं डबक्यात पोटाची पिसं भिजवून यायची आणि अंड्यांवर बसून त्यांना गार करायची. नर गेला की मादी, मादी आली की नर. मी हे सगळं बघून, वहीत वेळ टिपून लिहिलं. पत्रकाचं नाव ‘चिमणीला विटाळ नाही’.

मी लिहिलं की पाखरांत बाप पिलाला शिवायला घाबरत नाही. पाखरांत आई कोंडली जात नाही. जन्म देणं घाण नाही, मग जन्म देणारी घाण कशी? बाळंतिणीचं दार उघडा. तिला उजेडात येऊ द्या, चुलीपाशी येऊ द्या, माणसांत येऊ द्या. ती आजारी नाही, अपवित्र नाही. ती तुमच्याआमच्यासारखीच हिंडती-फिरती, काम करती बाई आहे.

पहिल्या खर्ड्यात धनेशावरही एक परिच्छेद होता. नर किती राबतो ते त्यात लिहिलं होतं. पण लिहिता लिहिता मादीपाशी आले आणि पेन अडलं. ही बया स्वतःच्या हाताने, म्हणजे चोचीने, स्वतःला कोंडून घेते. विरोधी बाजूच्या हातात आपणच काठी द्यायची का? मी तो परिच्छेद खोडला. खिडकीबाहेरचा, रोज एकोणीस खेपा करणारा, माझ्या बहिणीचा एकुलता एक विरंगुळा असलेला पक्षी मी पत्रकातून काढून टाकला, कारण तो माझ्या मताला सोयीचा नव्हता. तेव्हा त्याला मी संपादन म्हटलं.

आप्पांनी पत्रक स्वतः जुळवलं. एक शब्द बदलला नाही. पाचशे प्रती काढल्या, बाजाराच्या दिवशी मी पारनेरला उभी राहून वाटल्या. कुणीतरी फोटो काढून मोबाईलवर फिरवला, आणि तो इतका फिरला की लांबच्या लांबच्या ग्रुपवरून माझ्याकडेच परत आला. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली होती, काहींनी शिव्या. शिव्यांचाही मला आनंद झाला.

संध्याकाळी मी एक प्रत ताईला नेऊन दिली. तिने गोणपाटाच्या भोकाशी कागद धरून, येणाऱ्या उजेडाच्या कवडशात ओळ न्‌ ओळ वाचली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

“धनेस न्हाई घेतला?” तिने विचारलं.

“तो मुद्द्याला धरून नव्हता.”

“का? त्यो तर समोर हाय. चिमन्या कुठं दिसत्यात मला हितनं.”

“अगं, ती मादी स्वतःला कोंडून घेते ना. लोक म्हणतील, बघा, पाखरंसुद्धा—”

“मंग घेती तर घेती.” तिने कागदाची घडी घातली. “तू मला काढाया निघालीस व्हय हितनं?”

“तुला बरं वाटतं का या भट्टीत?”

“शेगडी काढ की. शेगडीनं जीव जातो. आईला सांग, शेगडी काढ, गोनपाट काढ. कडी ऱ्हाऊ दे.”

मला कळलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, लहानपणी मी गणित चुकले की बघायची तशी.

“येडे, तिकडं पाटं चारला उठते मी. चौदा जनावरं. शेन काढायचं, धारा काढायच्या, कॅन धुवायचं, साडेसहाला दूध गेलं की भाकरी, मंग वैरन, मंग परत धारा. ताप आला तरी धारा. आठवा महिना लागला तरी धारा. लगीन झाल्यापास्नं मी दुपारची झोपले न्हाई. हितं मला कुनी हाक मारतं का? पानी दे म्हनतं का? न्हाई म्हनत. का? तर विटाळ हाय. त्यो विटाळ माझी सुट्टी हाय गं. सव्वा महिन्याची. सगळ्या जल्मात एक.” मग तिने बाळाकडे बघितलं. “वाटलं हुतंस का लई?”

“पाचशे.”

तिने पाठ फिरवली. भोकाला डोळा लावून बसली. बाहेर नर आला होता. फट काळी होती, आणि त्या काळ्या फटीतून एक चोच बाहेर आली आणि उंबर घेऊन परत आत गेली.

एकविसाव्या दिवशी सकाळी दारात पिकअप उभी राहिली. मागे रिकामी दुधाची कॅन एकमेकांवर वाजत होती. ताईच्या सासूबाई उतरल्या, मागून दाजी. सासूबाई मोठ्या हसऱ्या आहेत. बोलायला गोड. त्यांनी आईला मिठी मारली, नातवाचा मुका घेतला, पाणी प्यायल्या, आणि कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. माझं पत्रक. मोबाईलवर आलेलं त्यांनी जामखेडला जाऊन छापून आणलं होतं.

“इहीनबाई, तुमच्या धाकटीनं डोळं उघडलं बगा आमचं,” त्या म्हणाल्या. “लेकाकून वाचून घेतलं. दोनदा वाचाया लावलं. आमी अडानी मानसं, विटाळ विटाळ करत बसलो. न्यायाला आलोत सुनंला.”

आई उठून उभी राहिली. “अवो, टाकं वलं हायेत अजून तिचं. सव्वा महिना तरी—”

“सव्वा महिना कशाचा? विटाळाचाच ना? तुमच्याकडं तर त्यो न्हाई म्हनं. छापलंय की.” त्यांनी कागद आप्पांपुढे धरला. “गडी पळून गेलाय आमचा. ह्यो एकटा किती धारा काढनार? आन्‌ काय डोंगर उचलायचाय का तिला. बसून धारा काढायच्या. हिंडती-फिरती, काम करती बाई हाय, लिवलंय की हितं. कुठं रं ते, दाव.”

दाजींनी दाखवलं नाही. ते जमिनीकडे बघत होते.

मी पुढे झाले. विटाळ वेगळा आणि विश्रांती वेगळी, टाके भरायला वेळ लागतो, अंगावर दूध पाजणाऱ्या बाईला झोप हवी असते, असं सगळं भराभर बोलू लागले. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं. मग कागद उलटसुलट करून बघितला.

“मंग हे का न्हाई लिवलं ह्याच्यात?” त्या म्हणाल्या.

खरंच, नव्हतं लिहिलं. पाचशे प्रतींमध्ये, दोन्ही बाजूंना, विश्रांती हा शब्द एकदाही नव्हता. मी बाईला माणसांत आणली होती आणि माणसं तिचं काय करतात याचा विचार केला नव्हता. आई आप्पांकडे बघत होती. फक्त एवढंच म्हणा, असं तिचे डोळे सांगत होते, की आमच्यात विटाळ पाळतात, सव्वा महिना पाठवत नाही. एक वाक्य. सासूबाईंना ते मान्य करावंच लागलं असतं, त्याच्यापुढे जामखेडच्या कुठल्याही सासूचं काही चालत नाही. आप्पांचे ओठ हलले. जन्मभर त्यांनी त्या शब्दाविरुद्ध खिळे जुळवले होते. त्यांना तो तोंडातून काढता आला नाही. मलाही आला नाही. आम्ही दोघं तत्त्वाची माणसं तिथे उभी राहिलो, आणि आईने कडी काढली.

ताई बाहेर आली तेव्हा उन्हाने तिचे डोळे मिटले. कानाचं फडकं तिने स्वतः सोडलं, घडी करून खाटेवर ठेवलं. आईने डिंकाचे लाडू डब्यात घातले. पिकअपमध्ये पुढे सासूबाई आणि बाळाला घेऊन ताई, दाजी गाडी चालवायला. गाडी सुरू झाल्यावर तिने काचेतून मला हात केला नाही. लिंबाकडे बघितलं.

ती गेल्यानंतर महिनाभर मी ढोलीखाली जाऊन बसायचे. मला पाखरांकडून काहीतरी हवं होतं, काय ते सांगता येत नाही. एका दुपारी आतून ठोकल्याचा आवाज येऊ लागला. वाळलेल्या मातीचे तुकडे खाली पडू लागले. मादीने भिंत फोडली आणि ढोलीच्या काठावर येऊन बसली. तिची पिसं भरली होती. नवी, चकचकीत, नराच्या पिसांपेक्षा चांगली. कुणी तिला काढली नव्हती आणि कुणी नेली नव्हती. पंख तयार झाले त्या दिवशी ती आली. तिथून पुढे दोघं मिळून पिलांना भरवू लागली. एक यायचं, एक जायचं. मी पत्रकात लिहिलं होतं अगदी तसं.

आणि त्या दोघांची ती सुंदर वाटणीही मी नीट बघितली. ढोलीच्या तोंडाशी दोन चोची असायच्या, एक मोठी, एक मधली. जी पुढे येईल तिच्यात उंबर. आतून तिसरा एक बारीक आवाज यायचा. नर त्या आवाजाकडे बघायचा नाही. मादीही नाही. दोघांनी मिळून, समसमान, एकमेकांचा भार हलका करत, तिसऱ्याला उपाशी मारलं. चार दिवसांनी तो आवाज थांबला. दोन पिलं उडून गेल्यावर मी शिडी लावून ढोलीत हात घातला. उंबराच्या बिया, किड्यांची कवचं, मादीची झडलेली लांब पिसं, आणि तळाशी माझ्या अंगठ्याएवढं वाळलेलं काहीतरी, चोच उघडी.

पाखरांचा यात दोष नाही. दोष त्यांच्याकडून साक्ष काढणाऱ्यांचा. पाहिजे त्या मताला पाहिजे ते पाखरू मिळतं. बापाने पिलं सांभाळावीत म्हणणाऱ्याला तळ्यातला कमळपक्षी मिळतो, तिथे नरच सगळं करतो. मादी तोवर दुसऱ्या नराकडे गेलेली असते, ते सांगायचं नाही. नवऱ्याने घर बांधावं म्हणणाऱ्याला सुगरण मिळते. तिचा नर विहिरीवर घरटं विणतो खरा, पण मादी अंड्यांवर बसली की शेजारच्या फांदीवर दुसरीसाठी दुसरं विणायला घेतो. आणि बाईला कोंडावं म्हणणाऱ्याला धनेश. मी चिमणी, होला आणि टिटवी घेतली. सासूबाईंनी पाखरं घेतलीच नाहीत. त्यांनी सरळ माझं वाक्य घेतलं. कामाला कोण जास्त आलं, हे सांगायला नको.

ताईला नेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती गोठ्यात बसली. आठवड्यात टाके उसवले. ताप चढला, दवाखाना झाला. दूध आटलं. ज्या गाईंसाठी तिला नेली त्यांचंच दूध पाणी घालून बाटलीत भरून पोराला पाजलं. तिने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती हसत होती. “चांगलं हाय,” म्हणाली, “धार माझीच, नुस्तं थान गाईचं.” कमरेत वाकलं की अजून तिला कळ येते. पाच वर्षांत तिने मला एकदाही दोष दिला नाही. तीच मला झालेली सगळ्यात मोठी शिक्षा असेल.

आता यंदाचं. ताई पुन्हा आली आहे, दुसऱ्या खेपेला. मुलगी झाली. मागच्या खोलीत तीच खाट आहे. शेगडी नाही. गोणपाट नाही, खिडकी सताड उघडी आहे आणि पंखा चालू आहे. दाराला कडी आहे. ती मी घालते.

दाजी दर रविवारी येतात. पहिल्या रविवारी ते आत जायला निघाले तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले. “आमच्याकडं रीत हाय, दाजी,” मी म्हणाले. “सव्वा महिना बापानं आत जायचं न्हाई. बापानं लेकराची दुपटी धुवायची. नुस्त्या हातानं. न्हाई धुतली तर लेकराला दोष लागतो.”

“मागल्या टायमाला न्हवती ही रीत.”

“मागल्या टायमाला मोडली. काय झालं बघितलं ना?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मी डोळे हलवले नाहीत. मग ते विहिरीपाशी जाऊन दगडावर बसले आणि धुवायला लागले. अशी कुठलीही रीत जगात नाही. मी ती त्या क्षणी उभी राहून तयार केली. त्यांचं सोवळं-ओवळं, त्यांचं भय, सगळं मला माहीत आहे. लहानपणापासून मी त्याचाच अभ्यास करत आले, मोडायचं कसं म्हणून. उन्हात त्यांची मान काळवंडली. मला दया आली नाही. आतून ताई ओरडली, “पिळून घाला वो, मागल्यावानी पानी गळाया नको!” मागल्या वेळी त्यांनी एकही धुतलं नव्हतं, ती मजा घेत होती.

आज सकाळी सासूबाईंचा फोन आला. आई भाकरी थापत होती, आप्पा ओसरीवर खाटेवर बसून पेपर वाचत होते. फोन मी घेतला.

“कवा धाडताव?” त्या म्हणाल्या. तीच गोडी. “अठरा दिस झाले की. गाई खोळंबल्यात. आन्‌ तुज्याकडं तर कायी पाळत न्हाईत. तुजं पत्रक हाय की मज्यापाशी, देवापाशी ठिवलंय जपून.”

“जाळून टाका ते,” मी म्हणाले.

“का गं बाई?”

“खोटं हाय ते. पोरपन हुतं. विटाळ असतो, आत्याबाई. लई कडक असतो. सव्वा महिना पुरा झाल्याबिगर बाळंतीन गोठ्यात शिरली तर जनावराचं दूध नासतं. आटतं बी. मागल्या खेपेला तुमची दोन गाभडली का न्हाई?”

गाईंचे गर्भ कशानेही पडतात. “व्हय,” त्या शेवटी म्हणाल्या. आवाजातली गोडी गेली होती. “दोन गाभडल्या.”

“मंग? धाडू का उद्या?”

“नगं, नगं,” त्या म्हणाल्या. “पुरा हू द्या.”

मी फोन ठेवला. आईचे हात परातीत थांबले होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा थापायला लागली, जरा जोरात. आप्पांनी पेपर खाली ठेवला होता. त्यांचा चष्मा त्यांच्या हातात होता.

“हे तू बोललीस?” त्यांनी विचारलं.

“बोलले.”

“लिहून दे मग. छापतो.”

त्यांनी चष्मा खिशात घातला, चहा न घेता उठले, चपला घातल्या आणि उन्हात निघून गेले. मागे वळून बघितलं नाही. मला वाईट वाटलं, आणि मी त्यांना थांबवलं नाही. त्यांना थांबवायचं तर कबूल करावं लागलं असतं, की मी खोटं बोलले याची मला लाज वाटते. लाज वाटते. पण कडीवरून हात काढण्याएवढी वाटत नाही.

दुपार झाली आहे. मी बंद दाराला पाठ लावून उंबऱ्यात बसून हे लिहिते आहे. आत ताई झोपली आहे, दिवसाढवळ्या, घोरते आहे. अजून बावीस दिवस.